योहान, अर्धं कापून सांगतो

योहान, तुझ्या मातीच्या दिवशी मी गप्प बसलो. एक शब्द बोललो नाही. भिलाईत कॅम्प-१ पासून जुनवानीपर्यंत लोक एकमेकांना विचारत होते, नेमकं गेलं कोण, योहान की देवराव? प्लांटमधल्या आपल्या सलीमने तर मला चिमटा काढून पाहिला. बरं, चिमटा नव्हता, नुसता खांद्यावर हात ठेवला. तू असतास तर म्हणाला असतास, "देवराव, अर्धं काप." घे, कापलं.

आयुष्यभर तू माझ्या हरेक गोष्टीचं हेच केलंस. मी सांगायचो, मेल्टिंग शॉपमध्ये, भट्टीजवळ, मे महिन्यात खिशात वांगं घेऊन गेलो अन् शिफ्ट सुटेपर्यंत त्याचं भरीत झालं. सगळी गँग हसायची. तू आपला डबा पुसत म्हणायचास, "गरम झालं असन. भरीत नाही झालं." मी सांगायचो, आमचा योहान वर क्रेनच्या केबिनमध्ये बसून वितळलेल्या पोलादाचा हंडा, ती लॅडल, अशी नेतो की खाली फोरमनच्या चहावरची साय हलत नाही. तू म्हणायचास, "साय हालते. चहा सांडत नाही." आता यात मी काय कापावं, तूच सांग.

तू रिटायर झालास त्या दिवशी गळ्यात एवढे हार होते की तुझं नाक तेवढं दिसत होतं. मला बाजूला घेऊन म्हणालास, "देवराव, माह्या मातीच्या वेळी तू बोलजो. आमचे पाळक तर बोलतीनच. पण तू बोल. खोटं बोल, पण अर्धं."

"अन् मी आधी गेलो तं?"

"तं मी पाच मिनिटं गप्प उभा राहीन. तुह्या कानाले तेवढा आराम पायजेच."

मी हातावर हात मारून वचन दिलं होतं. ते मोडलं. का मोडलं, हे तुला सांगायचं आहे. आणि तुझी माफी मागायची आहे. ती मला तोंडाने कधी जमली नाही, म्हणून कागदावर.

तुझी गोष्ट विश्वकर्मा पूजेपासूनच सुरू करावी लागेल. आमच्या भंडाऱ्याकडे पोळ्याला बैल सजतो, तशी भिलाईत त्या दिवशी मशीन सजते. क्रेनला झेंडूची माळ, लेथला हळदकुंकू, बुंदीच्या टोपल्या, आणि नवे कपडे घालून प्लांट पाहायला आलेली बायकापोरं. तू ख्रिस्ती. बाप रेल्वेत, नागपूरकडून दुर्गच्या लाइनवर आलेला, आजोबापासून घरात प्रार्थना. पहिल्या वर्षी आम्हाला वाटलं, हा गडी रजा टाकेल. तू सकाळी सहाला हजर. सहा नंबरची क्रेन वरून खालपर्यंत पुसलीस, ग्रीस भरलंस, आणि नारळ फुटायच्या वेळी जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीच्या बाहेर जाऊन मान खाली घालून उभा राहिलास. ओठ हलत होते. स्वतः हळदकुंकू लावलं नाहीस, लावणाऱ्याला अडवलं नाहीस. मग आलास, दोन्ही हात पुढे करून बुंदी घेतलीस, खाल्लीस, अन् आणखी मागितलीस.

मी विचारलं, "काय पुटपुटून राहिला होता बे?"

"नावं घेऊन राहिलो होतो. या क्रेनखाली जे जे काम करतात त्यायची. देवाले म्हटलं, सांभाळ."

"कोणत्या देवाले?"

"माह्यावाल्या."

"अन् बुंदी आमच्यावाल्याची?"

"बुंदी हलवायाची होय," तू म्हणालास. "चांगली झाली. घे."

बस. तुझं सगळं धर्मशास्त्र मला त्या दिवशी कळलं, असं मी लोकांना सांगतो. अर्धं काप: तेव्हा काहीच कळलं नव्हतं, बुंदी तेवढी कळली.

कॅम्प-१ मधल्या तुमच्या टिनाच्या छताच्या देवळात (तुम्ही मराठी ख्रिस्ती मंडळी त्याला देऊळच म्हणता) एकदा तबलजी आला नाही, तर तू मला बसवलंस. मी असा तबला बडवला की छतावरची कबुतरं थेट राजनांदगावला जाऊन उतरली. उपासना संपल्यावर म्हातारे पाळक माझा हात हातात घेऊन म्हणाले, "देवाला आवाज पोचला." कोणी मला विचारलं नाही, तू कोण, तुझं इथे काय काम. नंतर वहिनीने करंज्या दिल्या. नाताळच्या करंज्या अन् आमच्या दिवाळीच्या करंज्या, दोन्हींचं सारण सेम टू सेम, फक्त तुझी बायको खोबरं भाजते जास्त.

आणि दवाखान्यातला तो बाकडा. सेक्टरमधलं कोणीही भरती असो, तू सेकंड शिफ्ट करून आलेला असलास तरी सकाळी तिथे बसलेला. आपल्या गँगमधल्या बिसाहूच्या पायाचं ऑपरेशन झालं तेव्हा तू अकरा दिवस त्याला दाढी करून दिलीस. मी बाहेर सांगताना महिना सांगतो, पण अकरा पुरेसे आहेत.

एकदा मी तुला चिडून म्हटलं होतं, "अबे, तू मले कधी म्हटलं नाही, देवराव, ख्रिस्ती हो. मी एवढा वाया गेलो का?"

"तुले स्वर्गात नेलं तं तिथं कोणाले बोलू देशीन का तू?" मग चष्मा काढून म्हणालास, "मले जे भेटलं ते तुले माह्यात दिसलं नसन, तं सांगून काय होते? अन् दिसलं असन, तं सांगाले कावून लागते?"

याला मी आजपर्यंत मीठमसाला लावू शकलो नाही.

मग प्रकाशचं झालं. तुझा एकुलता एक. आपल्याच प्लांटमध्ये ठेकेदाराकडे फिटर, हात सोन्याचा, अन् संध्याकाळी तो हात ग्लास धरायलासुद्धा थरथरायचा. तू त्याला किती ठिकाणांहून उचलून आणलंस ते मी लिहीत नाही. एक दिवस जुनवानीतल्या एका हॉलमध्ये जमणाऱ्या दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीतली चार पोरं त्याला घेऊन गेली. त्यांनी त्याचं ओकलेलं धुतलं, आठ दिवस आळीपाळीने उशाशी बसले, एक घोट घेऊ दिला नाही. प्रकाश सुटला. हे खरं आहे, आणि हे कापायचं नाही.

पण सुटला तो दुसरीकडे बांधला गेला. टीव्ही गेला. तबला म्हणे दुनियेचं वाद्य. दिवाळीचा माझा डबा झाकणसुद्धा न उघडता परत आला. पुढे नाताळही गेला, शास्त्रात नाही म्हणून. वहिनीने करंजीचं कातणं तांदळाच्या डब्यात लपवलं, जणू गावठी कट्टा. विश्वकर्मा पूजेला प्रकाश रजा टाकायला लागला. आणि एक दिवस तुमच्या अंगणात मला म्हणाला, "काका, बुरा मत मानना. सत्य एकच आहे, हे पापाले मालूम आहे ना? मग तुमाले सांगत कावून नाहीत? तुमी नरकाच्या आगीत जाणार, अन् ते चहा पीत पाहत राहणार, हे प्रेम आहे का?"

मी, ज्याने फोरमनपासून तिकीट चेकरपर्यंत सगळ्यांना बोलण्यात गुंडाळलं, तो मी तोंड उघडं ठेवून बसलो. कारण पोरगं मनापासून बोलत होतं. त्याच्या डोळ्यांत माझ्यासाठी पाणी होतं, लेका. मला आगीत पाहवत नव्हतं त्याला.

उत्तर तू दिलंस, तेही तो आत गेल्यावर, भेंडीचे देठ खुडत.

"देवराव, आपल्याले शॉपमध्ये सेफ्टीचं पुस्तक होतं, आठवते?"

"मले अजून तोंडपाठ आहे."

"तुले पहिलं पानबी पाठ नाही. ऐक. त्यातला एकेक नियम कायले होता? माणूस संध्याकाळी धड घरी गेला पायजे म्हणून. आता एखाद्यानं नियम सारे पाठ केले, अन् माणसाले घरी जायाचं आहे हेच इसरला, तं?"

"तं त्याले इन्स्पेक्टर करतात."

तू हसलास. पण मी हसलो नाही. मी म्हटलं, मग हे त्याला सांग. त्या पास्टरला सांग. तुझ्याच घरात तुझा धर्म कोपऱ्यात बसला आहे, अन् तू भेंडी खुडून राहिला!

तू म्हणालास, "त्यायनं माह्या पोराले हात धरून गड्ड्यातून काढलं. मले जमलं नव्हतं. आता ते हात सोडून नाही राहिले, एवढंच. गड्ड्यातून आत्ताच निघालेल्या माणसाले भिंत लागते रे. मी कधी पडलो नाही, म्हणून मले अंगण चालते. अंगण माह्या येशूचं, तं भिंत काय दुसऱ्याची होय?"

"अन् दार? दार ठेवलं का भिंतीले?"

"इसरले," तू म्हणालास. "पाडीन कोणी तरी."

मी तेव्हा याला पळपुटेपणा समजलो. धर्म माणसाला एवढा मोकळा करतो की ज्याने आपल्याला चुकीचा ठरवला त्याचेही उपकार मोजता येतात, हे मला दिसत होतं; पण मला मारामारी हवी होती.

या ऑगस्टमध्ये ती मिळाली. जुनवानीच्या पास्टरने निरोप पाठवला की योहानरावांनी प्लांटमध्ये एवढी वर्षं मूर्तीच्या पूजेत भाग घेतला, प्रसाद खाल्ला, तर रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून पश्चात्ताप करावा. नाही केला तर प्रकाशने त्या घरात जेवू नये. तू मला हे सांगितलंस जसं कोणी सांगतं की उद्या नळ येणार नाही.

"जाणार नाहीस तू," मी म्हटलं.

"जाईन."

"अन् म्हणशीन, की चूक झाली? बिसाहूसाठी, सलीमसाठी, माह्यासाठी हात जोडले ते पाप होतं?"

"पोरगं जेवलं पायजे माह्या घरी."

मग मी ते बोललो. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोललो. म्हटलं, "योहान, तू भित्रा आहेस. क्रेनवर पोलाद उचललं, पण स्वतःचा कणा नाही उचलता आला तुले." अन् स्कूटरला किक मारली. ती सात वेळा लागली नाही. तू मागून येऊन धक्का द्यायला लागलास. भांडून निघालेल्या माणसाला कोणी धक्का मारून देतो का? मी मागे न पाहता निघून गेलो.

रविवारी तू तिथे गेलास, उभा राहिलास, असं कळलं. मी पुढचं ऐकून घेतलं नाही. तीन आठवडे तुझ्याकडे आलो नाही. चौथ्या रविवारी सकाळी, आपल्या टिनाच्या देवळात जायला म्हणून तू बुटाची लेस बांधायला वाकलास आणि तसाच राहिलास.

मातीच्या आधी प्रकाश माझ्याकडे आला. मी खिशात भाषण ठेवलं होतं, चौदा पानांचं. सात. तो म्हणाला, "काका, तुमी बोलू नका. पास्टर म्हणतात, विश्वासात नसलेल्यानं कबरीपाशी साक्ष द्यायची नसते. मी हात जोडतो." ते जोडलेले हात थरथरत होते, योहान. सहा वर्षांपूर्वी थरथरायचे तसे. मला वाटलं, या पोराला आत्ता भिंतीवरून ढकललं तर हे कुठे जाऊन पडेल? तू काय केलं असतंस ते मला माहीत होतं. मी गप्प उभा राहिलो. वचन मोडताना मी पहिल्यांदा तुझ्यासारखा वागलो.

म्हाताऱ्या पाळकांनी साधी प्रार्थना केली. मग तो पास्टर चाळीस मिनिटं आगीवर बोलला. एवढी आग तर आपल्या भट्टीतही नव्हती. सलीमकडे अन् माझ्याकडे पाहून बोलला. आम्ही दोघांनी तुझ्यावर मूठमूठ माती टाकली आणि परत आलो.

तिसऱ्या दिवशी मार्था वहिनीकडे गेलो. म्हटलं, वहिनी, मी त्याला भित्रा म्हटलं होतं. ते शेवटचं बोलणं झालं.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमाले त्यायनं सांगतलंच नाही? त्या हॉलमध्ये काय बोलले ते?"

मग वहिनीने सांगितलं. तू समोर गेलास. तीनशे माणसं. (वहिनी म्हणाली साठ-सत्तर.) पास्टरने माइक दिला. तू माइक नीट धरलास आणि म्हणालास, मी कबूल करतो. दरवर्षी विश्वकर्म्याच्या दिवशी मी क्रेनखाली उभा राहिलो आणि माझ्या सोबत्यांची नावं देवापुढे घेतली. यात माझ्याकडून चूक झाली आहे. काही वर्षी एकदोन नावं घ्यायची राहून गेली. त्याची मी आज सगळ्यांसमोर क्षमा मागतो. आणि ज्या पोरांनी माझ्या मुलाला वाचवलं, त्यांचीही नावं मी आता त्या यादीत घेत असतो.

आणि माइक परत देऊन प्रकाशशेजारी जाऊन बसलास.

वहिनी म्हणाली, पास्टरला पुढे काय बोलावं सुचेना. मागच्या रांगेतून एका म्हातारीने तेवढं आमेन म्हटलं.  संध्याकाळी प्रकाश ताटावर बसला. जेवला.

मी म्हटलं, "वहिनी, मग मले कावून नाही सांगतलं यानं?"

"मी म्हटलं होतं, भाऊजीले सांगा. तं म्हणे, देवरावले सांगतलं तं उद्या साऱ्या कॅम्पात होईन, की योहाननं पास्टरले चारी मुंड्या चित केलं. पोरावर लोक हसतीन. म्हणे, मले भित्रा म्हणू दे."

योहान, मी सगळ्या जगाला चिमटे काढले. मला कोणी असा काढला नव्हता. तुझं सगळ्यात मोठं काम तू माझ्यापासून लपवलंस, माझ्याच जिभेपायी. मी ते दुप्पट केलं असतं, हे तुला ठाऊक होतं. मला माफ कर. यात अर्धं काही नाही.

काल विश्वकर्मा पूजा होती. आपण रिटायर झालेले दोघं दरवर्षी गेटपासून हातात हात घालून जायचो. काल मी एकटा गेलो. झेंडू, नारळ, बुंदी, पोरांची गर्दी, सगळं तसंच. सहा नंबरखाली पोचलो आणि थांबलो. पिवळ्या पट्टीच्या बाहेर प्रकाश उभा होता. मान खाली. हात कोपरापर्यंत ग्रीसने काळे. तिथल्या पोरांनी सांगितलं, सकाळी सहापासून क्रेन पुसत होता. पूजेकडे त्याची पाठ होती आणि हातात एक कागद होता, घडीवर फाटलेला. ओठ हलत होते.

झाल्यावर माझ्याकडे आला. "काका, पापाच्या बायबलात भेटला हा कागद. नावंच नावं आहेत. मी घेतली सगळी. पण यातले अर्धे लोक मले मालूमच नाहीत. नुसतं नाव घेऊन प्रार्थना कशी करू? कौन थे ये लोग? तुमी सांगा ना."

मी कागद पाहिला. तुझं अक्षर, क्रेनच्या लोडसारखं सरळ. पहिलंच नाव माझं. शेवटी चार नवी नावं, निळ्या शाईत. जुनवानीची पोरं.

तर बोललो मी, योहान. मातीच्या दिवशी राहिलेलं सगळं तिथे, तुझ्याच क्रेनखाली बोललो. बिसाहूची दाढी सांगितली, सलीम सांगितला, वांग्याचं भरीत सांगितलं. नाव आलं की गोष्ट, नाव आलं की गोष्ट. प्रकाश एकदा हसला, मग रडला. अन् मी म्हटलं की तुझा बाप लॅडल अशी न्यायचा की चहावरची साय हलत नसे, तेव्हा डोळे पुसत म्हणाला, "काका, पापा कहते थे, अर्धं कापा."

मी विचारलं, त्या हॉलमधलं लिहू का? त्याने वर केबिनकडे पाहिलं. म्हणाला, "लिहा. पण जेवढं झालं तेवढंच."

मग बुंदीची टोपली आली. मी हात पुढे केला. मागे प्रकाशनेही केला. आता ऐक नीट. मला सांगता आलं असतं की त्याने मूठभर खाल्ली अन् आणखी मागितली. सगळ्या कॅम्पाला ते आवडलं असतं. पण त्याने खाल्ली नाही. कागदाच्या पुडीत घेतली, पुडी नीट बांधली, शर्टाच्या खिशात तुझ्या यादीशेजारी ठेवली, अन् म्हणाला, "आईसाठी."

एवढंच झालं. कापू नकोस. हे पुरतं आहे.